शेवटच्या स्पीकरपासून उलटं

ऑर्केस्ट्रातल्या गिटारवाल्याला एका संध्याकाळी चार-पाच जणांचं काम करावं लागतं. ‘नीले नीले अंबर पर’ची फर्माईश आली की स्टीलच्या तारांची अकॉस्टिक हवी. नव्वदच्या दशकातली गाणी लागली की कोरस लावलेली स्वच्छ इलेक्ट्रिक. आणि रात्री दहाला स्पीकर बंद व्हायच्या आधीची शेवटची वीस मिनिटं, पोरं खुर्च्यांवर चढलेली असतात तेव्हा डिस्टॉर्शन. प्रत्येक आवाजाला वेगळी गिटार आणि वेगळा अँप हे स्वतःचा ट्रक घेऊन फिरणाऱ्या बँडला जमतं. मंडळाच्या स्टेजवर माझ्या वाट्याला येते ऑक्टोपॅड आणि ढोलकी यांच्यामधली दोन फूट जागा आणि साउंडवाल्याने पुढे केलेली एक लाईन. सामान निवडायचं ते या दोन फुटांसाठी आणि या एका लाईनसाठी.

दुकानात ही गोष्ट लक्षात राहत नाही. एसी खोली, समोर चांगला अँप, शेजारी कुणी वाजवत नाही; तिथे कुठलीही गिटार गोड लागते. प्रेक्षकाला मात्र ऐकू येतो मंडळाने भाड्याने आणलेला स्पीकर. त्याच्याआधी मिक्सर, त्याच्याआधी लाईन, मग माझा प्रोसेसर, मग केबल आणि सगळ्यात मागे गिटार. म्हणून माझ्या खरेदीचं गणित शेवटच्या स्पीकरपासून उलटं येतं. बहुतेक जण पहिले पैसे गिटारीत घालतात. तिथे आधी एक चांगला सेटअप करून घ्यावा: ट्रस रॉडने मानेचा बाक नीट करणं, झिजलेले फ्रेट्स समतल करणं, नटच्या खाचा तपासणं. हजार-दोन हजारांच्या या कामानंतर ‘आता नवी घ्यायलाच हवी’ म्हणणारे निम्मे लोक गप्प बसतात, असा माझा अनुभव आहे.

गिटारीच्या साध्या पिकअपचा सिग्नल नाजूक असतो. पुढच्या यंत्राचा इनपुट रोध त्याला साधारण एक मेगाओम लागतो. मिक्सरच्या लाईन इनपुटचा असतो दहा किलोओमच्या आसपास. गिटार थेट मिक्सरला लावली की वरची चमक तिथेच मरते आणि साउंडवाला ट्रेबल वाढवत बसतो. वर स्टेजपासून मिक्सरपर्यंतची तीस-चाळीस मीटर केबल. साध्या गिटार केबलमध्ये लांबीबरोबर कपॅसिटन्स वाढतो, आणि तोही ट्रेबलच खातो. दोन्हींवर उपाय म्हणजे डीआय बॉक्स. मुठीएवढा, दिसायला रटाळ, कुणी फोटो काढून मित्रांना पाठवणार नाही असा. तो सिग्नल बॅलन्स्ड करून माइकच्याच केबलने पाठवतो. साउंडवाल्याकडे डीआय असतो, पण कुठला आणि कशा अवस्थेतला हे देवाला ठाऊक. स्वतःचा बाळगावा.

आता डिस्टॉर्शन. आपल्याकडच्या कार्यक्रमांत गिटारचा सगळ्यात वाईट आवाज इथेच ऐकू येतो आणि त्याचं कारण समजून न घेता लोक पेडलवर पेडल बदलतात. गिटार अँपमधला बारा इंची स्पीकर साधारण पाच किलोहर्ट्झच्या वरचं फारसं वाजवतच नाही. डिस्टॉर्शनने तयार होणारी सगळी कर्कश कुरकुर तो गिळून टाकतो आणि आपण ज्याला ‘रॉक गिटार’ म्हणून ओळखतो तो आवाज उरतो. मंडळाचा स्पीकर असं काही गिळत नाही. वरचं सगळं तो जसंच्या तसं लोकांच्या कानात ओततो. पेडल थेट मिक्सरला लावलं की पत्र्याच्या डब्यात भुंगा कोंडल्याचा आवाज येतो. मग मागून हाक येते, “दादा, आवाज फाटतोय, जरा कमी करा की!” कमी केलं तरी फाटतच राहतो, फक्त हळू.

नव्वदच्या दशकात झूम ५०५ नावाचा छोटा प्रोसेसर कितीतरी ऑर्केस्ट्रांत दिसायचा. गाणं बदललं की पाय मारून आवाज बदलता येई, बॅटरीवर चालायचा, खिशाला परवडायचा. त्याचा डिस्टॉर्शन आज ऐकवत नाही, पण एका माणसाला चार माणसांचं काम करता येतं हे त्याने पटवून दिलं. आताच्या प्रोसेसरमध्ये खरा बदल आहे तो इम्पल्स रिस्पॉन्सचा: एखाद्या स्पीकर-कॅबिनेटचा आणि त्याच्यासमोर ठेवलेल्या माइकचा आवाज-स्वभाव मोजून फाइलमध्ये साठवलेला असतो आणि आपला सिग्नल त्यातून जातो. म्हणजे नसलेला स्पीकर आकड्यांनी उभा राहतो. केम्परने २०११मध्ये अख्ख्या अँपचं प्रोफाइल करणारं यंत्र आणलं, लाईन सिक्सचा एचएक्स स्टॉम्प २०१८मध्ये आला आणि हे सगळं पाठीवरच्या पिशवीत मावू लागलं. तीनशे आवाजांची यादी बघून प्रोसेसर घेऊ नये. मी एवढंच बघतो: कॅबिनेटचं अनुकरण कसं आहे, एका आवाजावरून दुसऱ्यावर जाताना मध्ये खंड पडतो का, आणि अंधारात वाकून न बघता पायाला योग्य बटण सापडतं का.

खऱ्या व्हॉल्व्ह अँपचं प्रेम मलाही आहे. फेंडरचा चाळीस वॅटचा हॉट रॉड डिलक्स साधारण वीस किलोचा. जिना, टेम्पो, चिखलातलं मैदान आणि पहाटेची परतीची गाडी हे सगळं धरून ते वीस किलो मोजावेत. शिवाय व्हॉल्व्ह अँप रंगात येतो तो मोठ्या आवाजात, आणि समोर गायिका मॉनिटरमध्ये स्वतःचा सूर शोधत असते. तिच्याशी वैर घेऊन टोन मिळवण्यात अर्थ नाही. अँप घरी बरा.

विजेवर कुणी खर्च करत नाही, आणि मोसमाची अर्धी दुखणी तिथलीच. एलईडी वॉल, लाइटचे डिमर, जनरेटर, एकाच एक्स्टेंशन बोर्डावर सहा प्लग. सिंगल कॉइल पिकअप हे सगळं पकडून गुणगुणतं. सेथ लव्हरने १९५५च्या सुमारास गिब्सनसाठी हंबकर बनवला तो यासाठीच. दोन कॉइल अशा उलटसुलट जोडलेल्या असतात की तारेचा आवाज मिळतो आणि बाहेरची गुणगुण एकमेकींना खोडते. मी मूळचा स्ट्रॅटचा माणूस, पण कार्यक्रमाला ब्रिजवर हंबकर असलेलीच नेतो. प्लग लावल्यावर येणारी सततची घरघर बऱ्याचदा वेगळी असते. दोन ठिकाणच्या अर्थिंगमधून तयार झालेल्या वळशाची ती घरघर डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबलं की जाते. प्लगची अर्थ पिन काढून ती घालवणारे महाभाग भेटतात. तारांवर हात आणि ओठाशी माइक असताना झटका बसण्याचं कारण हेच: दोघांचं अर्थिंग एक नसतं. स्टोन द क्रोज या स्कॉटिश बँडचा गिटारवादक लेस हार्वी १९७२मध्ये स्वानसीच्या स्टेजवर असाच, अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून गेला. माझ्या पिशवीत मल्टिमीटर असतो. माइकची जाळी आणि तारा यांच्यामध्ये व्होल्टेज दिसलं तर मी गात नाही, कोरसही नाही.

पेडलांचे अडॅप्टर हा वेगळाच वग. बहुतेक गिटार पेडलना नऊ व्होल्ट लागतात आणि मधली पिन ऋण असते. कीबोर्डवाल्याचा बारा व्होल्टांचा, मधली पिन धन असलेला अडॅप्टर त्याच भोकात आरामात बसतो, आणि काळोखात नेमका तोच हाती येतो. अडॅप्टरला रंगीत चिकटपट्टी लावावी. न्यू जर्सीच्या मावसभावाने प्रेमाने पाठवलेल्या पेडलबरोबरचा अडॅप्टर फक्त १२० व्होल्टांचा असेल तर आपल्या २३० व्होल्टांवर त्याचा धूर निघतो. ‘१००–२४०’ छापलेलं असेल तरच तो भिंतीत जाऊ द्यावा.

अकॉस्टिकच्या बाबतीत माझं मत दुकानदारांना आवडत नाही. सॉलिड लाकडाची गिटार घरी ऐकावी. गणपती भाद्रपदात येतात, मांडवाचं छत गळतं, दमट हवेत सॉलिड टॉप फुगतो आणि तारा मानेपासून वर उठतात. प्लायची, लॅमिनेट बॉडीची गिटार त्या मानाने हटत नाही. खोगिराखाली पिएझो पिकअप आणि भोकावर रबराची चकती असली की मॉनिटरसमोर उभं राहूनही ती शिट्ट्या मारत नाही. बाकी पिएझोचा आवाज थोडा प्लास्टिकचा येतो, तो येणारच.

खर्चाला मी एक कुंपण घातलंय: गणपती, नवरात्र आणि लग्नसराई मिळून जे सामान स्वतःची किंमत फेडणार नाही, ते घ्यायचं नाही. त्यामुळे वायरलेस अजून थांबलंय. स्वस्त संच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, आणि मैदानातल्या हजारो मोबाइलांचे वायफाय-ब्लूटूथ त्याच पट्ट्यात गर्दी करून असतात. कानात घालायचा इन-इअर मॉनिटर मात्र मनात आहे, कान वाचतील. पण त्यासाठी मिक्सरवर एक वेगळा ऑक्स, म्हणजे मॉनिटरकडे जाणारी स्वतंत्र वाट, मोकळा लागतो, आणि आमच्या भागातल्या साउंडवाल्यांकडच्या मिक्सरवरचे सगळे ऑक्स गायकांच्या मॉनिटरला जातात. पुढच्या महिन्यात एकाकडे डिजिटल मिक्सर येतोय म्हणतात. आला की इन-इअर घेईन.