प्लास्टिक आणि तापमान : चार गैरसमज

इंजेक्शन मोल्डिंगमध्ये पीस अर्धवट भरला, की ऑपरेटर आधी हीटर वाढवतो. गरम प्लास्टिक पातळ होतं हे खरं, पण तेवढ्यावर भागत नाही.

गैरसमज : प्रत्येक प्लास्टिक ठरावीक तापमानाला वितळतं.
वस्तुस्थिती : पॉलिप्रॉपिलीन साधारण १६०-१६५ अंश सेल्सिअसला वितळतं, कारण त्यात स्फटिकी भाग असतो. नेहमीच्या पॉलिस्टायरीनला वितळणबिंदूच नसतो. १०० अंशांच्या आसपास ते कडकपणा सोडतं आणि पुढे मऊ होत जातं. बॅकेलाइट एकदा पक्कं झालं की वितळत नाही, करपतं.

गैरसमज : माल वाहत नसेल तर तापमान वाढवणं हाच उपाय.
वस्तुस्थिती : पाणी कितीही जोराने ढकललं तरी त्याचा दाटपणा बदलत नाही. प्लास्टिकचा बदलतो. एकमेकींत गुंतलेल्या लांब साखळ्या वेगाने ढकलल्या की प्रवाहाच्या दिशेने सरळ होतात आणि माल पातळ होतो. म्हणून पॉलिइथिलीनला बऱ्याचदा इंजेक्शनचा वेग वाढवलेला जास्त मानवतो. पॉलिकार्बोनेटवर मात्र तापमानाचा परिणाम मोठा. पीव्हीसी जास्त तापवलं तर पिवळं, मग तपकिरी पडतं आणि त्यातून सुटणारा हायड्रोजन क्लोराइड वायू मोल्ड गंजवतो.

गैरसमज : माल पातळ वाहतोय, म्हणजे काम चांगलं चाललंय.
वस्तुस्थिती : न वाळवलेलं पेट वितळवलं, तर दाण्यातल्या ओलाव्याने साखळ्या तुटतात. माल सहज वाहतो, पण वस्तू ठिसूळ निघते. पॉलिप्रॉपिलीन जास्त वेळ बॅरलमध्ये तापत राहिलं तरी साखळ्या तुटतात. हे एमएफआय (मेल्ट फ्लो इंडेक्स) चाचणीत पकडता येतं : पॉलिप्रॉपिलीनसाठी २३० अंशांना, २.१६ किलो वजनाखाली, १० मिनिटांत किती ग्रॅम माल बाहेर आला ते मोजतात. कोऱ्या दाण्यापेक्षा मोल्ड झालेल्या पीसचा आकडा बराच वाढला असेल, तर माल भाजला गेला आहे.

गैरसमज : कंट्रोलरवरचा आकडा म्हणजे मालाचं तापमान.
वस्तुस्थिती : कंट्रोलरला तापमान सांगणारा थर्मोकपल बॅरलच्या पोलादात बसवलेला असतो. आत स्क्रू फिरताना घर्षणाने वेगळी उष्णता निर्माण होते, त्यामुळे माल आकड्यापेक्षा बराच गरम असू शकतो. खरं तापमान कळायला नोझलमधून माल बाहेर काढून त्यात लगेच सुईचा प्रोब खुपसावा लागतो; हात आणि चेहरा झाकूनच.

म्हणून हीटर वाढवण्याआधी दाणा वाळलाय का, वेग पुरेसा आहे का आणि मालाचं खरं तापमान किती, हे तपासा. चुकीच्या उष्णतेने तुटलेली साखळी मोल्डमध्ये पुन्हा जुळत नाही.