बोथट दात्यांचा धोका
१९४६ साली अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने एक अळी ओंडका पोखरताना पाहिली. तिचे जबडे डावीउजवीकडे आलटून पालटून लाकूड कातरीत होते. त्यावरूनच त्याने साखळी-करवतीचे दाते घडविले.

हे दाते बोथट झाले की कपच्यांऐवजी पिठासारखा भुसा पडतो. मग माणूस करवत जोराने दाबू लागतो, आणि अपघात ओढवतो तो तेथेच. म्हणून असा भुसा दिसताच यंत्र थांबवावे, निवू द्यावे, स्पार्क प्लगची तार काढावी व हातमोजे घालावेत. गोल कानस दात्याच्या आतून बाहेर, एकाच दिशेने आणि प्रत्येक दात्यावर सारख्याच वेळा फिरवावी. शेवटी ताण पाहावा : साखळी पट्टीखाली लोंबू नये, तरी हाताने सहज सरकावी. धार चांगली असली, म्हणजे बळ लावावे लागत नाही.