तारेची नाडीपरीक्षा

संगणक आणि राउटर यांस जोडणारी केबल भिंतीच्या कडेनें वर्षानुवर्षें मुकाट्यानें पडून असते व तिच्याकडे कोणाचें लक्षहि जात नाहीं. इंटरनेट मंदावलें किंवा बंद पडलें, कीं दोष प्रथम संगणकाला लागतो, मग राउटरला आणि अखेरीस सेवा पुरविणाऱ्या कंपनीला. परीक्षा किंवा कचेरीचें काम तोंडावर आलेलें असतां धड यंत्र बदलण्याचा खर्चहि पुष्कळ घरांत उगाच होतो. वस्तुतः रोग कित्येकदां केबलमध्यें अथवा तिच्या टोकाच्या प्लगमध्यें असतो. आणि तो ओळखण्यास तळहातावर मावणारा साधा केबल टेस्टर बहुधा पुरेसा होतो.

केबलची घडण प्रथम ध्यानांत घ्यावयास पाहिजे. तिच्या वेष्टनांत तांब्याच्या आठ बारीक तारा असून, दोन दोन तारा एकमेकींभोंवतीं पिळून त्यांच्या चार जोड्या केलेल्या असतात. एका जोडींतील संदेशाचा उपद्रव दुसरीस होऊं नये, हा त्या पिळाचा हेतु. प्लगमध्यें या तारा ठराविक रंगक्रमानें बसवितात. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी असा तो सर्वसाधारण क्रम आहे. यांत पहिली व दुसरी, तिसरी व सहावी, चौथी व पांचवी, सातवी व आठवी अशा जोड्या होत.

टेस्टरचे दोन भाग असतात. बॅटरी असलेला मुख्य भाग केबलच्या एका टोकास व लहान भाग दुसऱ्या टोकास लावावयाचा. तत्पूर्वीं केबल दोन्हीकडील यंत्रांतून काढून घेणें अवश्य आहे. कारण कॅमेऱ्यासारख्या उपकरणांना याच केबलमधून सुमारें ४८ व्होल्टचा वीजपुरवठा करण्याची पद्धत आहे, आणि तो चालू असल्यास टेस्टर निकामी होऊं शकतो. बटण दाबतांच मुख्य भागावरील १ ते ८ हे दिवे क्रमानें लागूं लागतात. दुसऱ्या भागावरहि तेच दिवे त्याच क्रमानें लागले, तर आठहि तारा अखंड व आपापल्या जागीं आहेत असें समजावें. एखादा दिवा लागलाच नाहीं, तर ती तार तुटलेली किंवा प्लगमध्यें नीट न बसलेली. क्रम चुकला, तर तारांची अदलाबदल झालेली. दोन तारा एकमेकींस चिकटल्या असल्यास, टेस्टरच्या घडणीप्रमाणें, त्यांचे दिवे एकदम तरी लागतात किंवा मुळींच लागत नाहींत.

सर्वांत फसवा दोष मात्र केबल अर्धवट चालूं देणारा असतो. सेकंदास १०० मेगाबिट वेगाच्या नेहमींच्या जोडणीस १, २, ३ व ६ या चारच तारा लागतात. १९९९ सालीं प्रमाणित झालेल्या १००० मेगाबिटच्या जोडणीस आठहि लागतात. म्हणून सातवी तार तुटली, तर पुष्कळ यंत्रें बंद न पडतां १०० वर उतरतात. घरच्या मंडळींस वाटतें, कंपनी पैसे पुरे घेऊन वेग अपुरा देते. टेस्टरवर सातवा दिवा लागला नाहीं, कीं तो तंटा तेथेंच मिटतो.

तथापि या दिव्यांवर वाजवीपेक्षां अधिक विश्वास टाकूं नये. तारा अखंड आहेत एवढेंच ते सांगतात. वेग सांगत नाहींत. दोन्ही टोकांस सारख्याच रीतीनें तारा चुकीच्या जोडींत बसविल्या असल्यास आठहि दिवे बिनचूक लागतात, पण पिळाचा उपयोग नाहींसा होऊन संदेश बिघडतो. शंभर मीटरांची मर्यादा ओलांडलेली केबलहि येथें उत्तीर्ण होऊं शकते. तार किती अंतरावर तुटली आहे, हें सांगणारीं यंत्रें निराळीं व महाग असतात.

तपासतांना प्लगजवळ केबल हलकेंच हलवून पाहावी, म्हणजे मधूनमधून सुटणारी तारहि उघडकीस येते. दोष आढळल्यास प्रथम एका टोकाचा प्लग कापून नवा बसवावा व पुनः तपासावें. दोष कायम राहिल्यास दुसऱ्या टोकाचा बदलावा, आणि तरीहि न गेल्यास केबलच बदलावी. चांगली केबल लावूनहि इंटरनेट मंदच राहिलें, तर मग राउटरकडे व कंपनीकडे वळावें.