माग चालू असताना

पॉवरलूमच्या कारखान्यात बोलण्याला अर्थ नसतो. बुऱ्हाणपुरात लहानाचा मोठा झालेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. माग एकदा खडखडायला लागले की शेजारच्याची हाकही पोचत नाही. मग सगळा कारभार खुणांवर. बीम संपत आला, कांडी संपली, धागा तुटला, चहा आला, प्रत्येकाची वेगळी खूण.

माझ्या मावसभावाच्या कारखान्यात या खुणा सगळ्यात सफाईने वाचतो तो त्याचा थोरला मुलगा. वय सव्वीस. कुणी किती मीटर विणलं, कुणाची मजुरी किती झाली, हा हिशेब त्याच्याकडे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. जन्मल्यावर कावीळ फार वाढली, बिलिरुबिन मेंदूत उतरलं आणि हालचालींवर ताबा ठेवणारा भाग दुखावला गेला. ही इजा पुढे वाढत नाही, पण भरूनही येत नाही. हात, मान, जीभ आपल्या मर्जीने वळतात, जोर लावला की आणखीच. झोपेत सगळं शांत. बुद्धीला कुठेही धक्का नाही. आत, मागांच्या आवाजात, त्याला ‘पुन्हा सांग’ असं कुणी म्हणत नाही, कारण तिथे कुणाचंच बोलणं ऐकू येत नाही. पंचाईत होते ती बाहेरच्या खोलीत, व्यवहाराच्या गादीवर.

त्याचं एक वाक्य कसं तयार होतं ते बघण्यासारखं असतं. आधी तो डाव्या हाताने खुर्चीचा दांडा पकडतो आणि पाऊल खुर्चीच्या पायाला अडकवतो, म्हणजे धड हलत नाही. मग श्वास. मग शब्द, तुकड्या-तुकड्याने. ‘आ’, ‘ओ’ ठळक येतात, ‘च’ आणि ‘स’ घसरतात. मधेच मान वळली तर वाक्य तिथेच थांबतं आणि मान परत आली की पुढे सुरू होतं. ‘हो’साठी डोळे वर, ‘नाही’साठी मिटलेले. घरात सगळ्यांना एक शिस्त लागली आहे: त्याचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. जेवढं कळलं तेवढं म्हणून दाखवायचं आणि उरलेलं विचारायचं. न कळता मान तर हलवायचीच नाही. चार दिवसांत कुणालाही जमतं. बहुतेकांना ते चार दिवसच नसतात.

सूतवाल्या व्यापाऱ्याचा माणूस आला होता. मावसभावाचा मुलगा त्याला म्हणाला, “चाळीस नंबरचं सूत कमी आलंय.” त्या माणसाने आस्थेने मान डोलावली. “हाँ हाँ बेटा, सब ठीक हो जाएगा.” मग माझ्याकडे वळून, “इनको क्या तकलीफ है?”

“उन्हीं से पूछिए,” मी म्हटलं.

एव्हाना याने फोन पुढे ओढला होता. टेबलाला एक फळी ठोकलेली आहे, तिच्यावर कोपर दाबून धरायचं आणि एकच बोट सोडायचं. ओझरता स्पर्श मोजू नये, बोट थोडा वेळ टेकलं तरच अक्षर उमटावं, अशी सेटिंग फोनमध्ये करून घेतली आहे. पहिली दोन-तीन अक्षरं पडली की फोनच पुढचा शब्द सुचवतो. त्याच्या फोनला आता ‘ताका’, ‘मजुरी’, ‘उधारी’ हे शब्द पाठ आहेत. पडद्यावर आलं: बोरी में दो कोन कम हैं. माणूस खुर्चीत सरळ बसला आणि ‘बेटा’चा ‘भैया’ झाला. मला त्या ‘भैया’चंही फार कौतुक वाटलं नाही. अक्षरांवर विश्वास बसतो, तोंडावर बसत नाही.

एका बोटावरून मालिनी छिब आठवतात. त्यांच्या आई मिठू अलूर यांनी 1972 मध्ये मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन करून अशा मुलांसाठी शाळा काढली. मालिनी पुढे सेंट झेवियर्समधून पदवीधर झाल्या, लंडनला शिकल्या आणि ‘वन लिटल फिंगर’ हे आत्मचरित्र एका बोटाने टाइप करून लिहिलं. आमच्या या पठ्ठ्याला त्यांचं नाव मी सांगितलं तेव्हा त्याचा पहिला प्रश्न, त्यांच्या टेबलाला फळी आहे का?

अठरा वर्षं पूर्ण झाल्यावरही सेरेब्रल पाल्सी असलेल्या माणसासाठी कायदेशीर पालक नेमता येतो. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तशी सोय आहे. कलेक्टरच्या जिल्हा पातळीवरच्या समितीकडे अर्ज करायचा. ज्यांना खरंच स्वतःचे निर्णय घेता येत नाहीत त्यांच्यासाठी ती गरजेचीच. पण नातेवाइकांत विषय निघाला की समोर बसलेल्याला वगळूनच निघतो. “उद्या आपण नसलो तर याचं काय?” एका आत्याने गेल्या दिवाळीत असंच विचारलं, मावसभावाकडे बघत. उत्तर यायला बराच वेळ लागला, आणि शिस्तीप्रमाणे सगळे थांबले.

“पालक नको. एक गडी द्या. ताके उचलायला.”

गडी ठेवला. पगाराची घासाघीस यानेच केली. ती पाऊण तास चालली, आणि शेवटी गड्यानेच दोनशे कमी केले.