नंबर सेव्ह केलाय ना?

सकाळचे साडेसहा. देवगड तालुक्यातल्या काकांच्या बागेत मी कलमाखाली उकिडवी बसून आंब्याचा फोटो काढायच्या खटपटीत आहे. आठनंतर हे जमत नाही. ऊन वर आलं की पानं चमकतात आणि फळ काळपट दिसतं. वर फांदीवर गडी नूतन झेला लावून आंबे उतरवतोय. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेला हा झेला. पात्याने देठ कापला जातो आणि फळ अलगद जाळीत येतं. देठासकट आलेल्या फळावर चीक ओघळत नाही, म्हणून डाग पडत नाही. मला फोटो हवा असतो तो त्या क्षणाचा: जाळीत फळ, फळाला बोटभर देठ, देठाच्या टोकाला चिकाचा थेंब.

"काय गो, फोटो काढून आंबे खपतत काय?" काका विचारतात. पहिल्या वर्षी ह्या प्रश्नात निव्वळ कुचेष्टा होती. आता प्रश्न तोच, पण विचारून होईपर्यंत काका स्वतःच आंबा उजेडाकडे वळवून धरतात.

आमचा आंबा पूर्वी सगळा वाशीच्या घाऊक बाजारात जायचा. रात्री ट्रक भरायचा आणि पट्टीची वाट बघत बसायचं. पट्टीत हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा होऊन जो आकडा उरायचा तो बघून काकू चहात साखर कमी घालायची. २०२०च्या टाळेबंदीत वाशीचं तंत्र विस्कटलं, आंबा तर झाडावर तयार होता. पुण्यातल्या माझ्या सोसायटीच्या ग्रुपवर मी चार ओळी टाकल्या, शेजारच्या दोन सोसायट्यांनी त्या पुढे ढकलल्या, आणि टेम्पो भरला. धंद्याची सुरुवात ही एवढीच. योजना वगैरे काही नव्हती.

योजना नंतर सुचल्या, आणि त्यातल्या बऱ्याच फसल्या. इन्स्टाग्रामवर मी एक रील केलं. काकू पेटीत पेंढा अंथरते, आंबे रचते, दोरी आवळते, शेवटी पेटीवर थाप मारते. त्या थापेचा आवाज लोकांना फार आवडला. रील लाखाच्या वर गेलं, मी दोन रात्री झोपले नाही. खाली प्रतिक्रियांचा पाऊस. त्यातल्या निम्म्या एका शब्दाच्या: "किंमत?" मी नियमाने उत्तर देत गेले. त्या रीलमधून पेट्या किती गेल्या? चार. त्यातली एक माझ्याच मामेबहिणीची. लाख माणसांनी पेटी बांधताना बघितली आणि पुढे सरकली. बघणं ही त्यांची करमणूक होती, त्यात त्यांचा काहीच दोष नाही.

धंदा चालतो तो वेगळ्याच ठिकाणी: काकूच्या जुन्या फोनमधल्या व्हॉट्सॲपवर. व्हॉट्सॲपचं धंद्यासाठीचं ॲप २०१८मध्ये आलं. आम्ही ते घेतलं, दर लिहून कॅटलॉग भरला, "नवीन ऑर्डर", "पेमेंट बाकी" अशी लेबलं लावली. पण खरी गोम ब्रॉडकास्ट यादीत आहे. एका यादीत २५६ माणसं बसतात, आणि संदेश पोचतो तो फक्त ज्याने आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यालाच. स्टेटसचंही तेच. आपण किती का नंबर गोळा करा, समोरच्याने आपल्याला नाव देऊन ठेवलं नसेल तर आपण त्याच्या लेखी नाहीच. म्हणून पेटीत आम्ही एक चिठ्ठी घालतो: बागेचं नाव, फोन नंबर, खाली "हा नंबर सेव्ह करा". काकूने तर फोनवर बोलताना शेवटचं वाक्यच ठरवून टाकलंय, "नंबर सेव्ह केलाय ना?" एका भाचेजावयांनी सल्ला दिला होता की कुठून तरी हजार नंबर मिळवा आणि एकगठ्ठा टाका. टाकले. तिसऱ्या दिवशी खातं बंद. ऐन एप्रिलात.

यादीवर आम्ही "ऑफर" पाठवत नाही. हंगाम पाठवतो. डिसेंबर-जानेवारीत मोहोर फुटला की एक फोटो. मग फळ वाटाण्याएवढं, गोटीएवढं, अंड्याएवढं. अवकाळी पाऊस झाला की खाली गळून पडलेल्या कैऱ्यांचा सडा. तुडतुडे आले, फवारणी केली, तेही. मार्चमध्ये दर कळवतो तेव्हा तो का चढला हे कुणाला समजवावं लागत नाही. सड्याचा फोटो त्यांनी बघितलेला असतो. पुण्याच्या एका आजी तर मोहोराला "छान" आणि गळतीला "अरेरे" असं न चुकता लिहितात. दोन डझनांपलीकडे त्यांनी कधी घेतले नाहीत.

ब्लॉगचं सांगायलाच हवं, कारण ब्लॉग मेला असं सगळे म्हणतात. मी एकच लेख लिहिला होता, "पेटी आल्यावर काय करायचं". लोकांचे तेच ते फोन घेऊन कंटाळले म्हणून. पेटी उघडा, आंबे पेंढ्यातच एका थरात पसरा, फ्रिजमध्ये घालू नका, रोज हात लावून बघा, देठाजवळचा वास आला की समजा. साल किंचित सुरकुतली तर आंबा खराब नाही, उलट तोच आधी खा. एवढंच. दरवर्षी एप्रिल-मेमध्ये माणसं गुगलवर "आंबा पिकलाय कसं ओळखायचं" असं काहीबाही शोधत त्या लेखावर येतात, आणि त्यांतले काही जण खाली नंबर बघून फोन करतात. रील दोन दिवसांत शिळं झालं. हा लेख अजून पेट्या विकतोय.

सगळ्यात अवघड पोस्ट साक्याची. साका बाहेरून दिसत नाही. आंबा देखणा, वास घमघमीत, आणि कापला की आत कोयीभोवती पांढुरकं, स्पंजासारखं, आंबट. फळ झाडावर जास्त पिकू दिलं आणि जमीन तापली की हा त्रास वाढतो. म्हणून ८०-८५ टक्के तयार झाल्यावरच काढा असं कृषी विद्यापीठवाले सांगतात. एका वर्षी मी साका निघालेल्या आंब्याचा उभा कापलेला फोटो स्टेटसला लावला आणि लिहिलं, असा निघाला तर फोटो पाठवा, पुढच्या पेटीत भरून देऊ. काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आपल्याच मालाची बदनामी करणारी पुतणी! त्यावर फोटो आले ते मोजके. एक मात्र कलिंगडाचा होता; तो कशासाठी ते आम्हाला अजून कळलेलं नाही.

फोटोंचा दुसरा धोका म्हणजे चोरी. कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी परराज्यातला आंबा "देवगड" म्हणून विकला जातोच. २०२५च्या हंगामात देवगडच्या उत्पादकांच्या सहकारी संस्थेने फळागणिक वेगळा क्रमांक असलेलं स्टिकर आणलं. त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला की खरं-खोटं कळतं. आमचं स्टिकर मात्र त्याआधीच तयार होतं. कुणीतरी आमचा फोटो उचलून स्वतःच्या जाहिरातीत वापरला, आणि डोंबिवलीच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला: "काकू, हा तुमच्या ह्यांचा अंगठा ना?" काकांच्या डाव्या अंगठ्याचं नख काळं आहे, कधी काळी कोयती लागली होती. तेव्हापासून प्रत्येक फोटोत अंगठा हवा असा काकूचा हुकूम आहे.

बाकी ह्या कामात देखणं काही नाही. रात्री अकराला "पिकलेला येईल का कच्चा?" ह्याचं उत्तर लिहायचं. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट आला तरी बँकेचा मेसेज आल्याशिवाय पेटी हलवायची नाही. हा धडा आम्ही तीन पेट्या घालवून शिकलो. आणि दर उघड लिहायचा. "इनबॉक्समध्ये या" म्हणणाऱ्या दुकानदाराकडे मी स्वतः कधी जात नाही.

तुमच्या ओळखीत कुणी घरचा माल विकत असेल, पापड, गोधड्या, मध, काहीही, तर त्याच्या फोटोला लाइक नाही दिलं तरी चालेल. त्याचा नंबर नावानिशी सेव्ह करून ठेवा.