गिटार अ‍ॅम्प्लिफायरची दुरुस्ती : भाग बदलण्याआधी कारण शोधा

मुंबईपासून वसईपर्यंत आणि खाली कोकण-गोव्यापर्यंत अ‍ॅम्प्लिफायरवर ज्यांची रोजी अवलंबून आहे, अशा लोकांची संख्या लहान नाही. लग्नाचे ऑर्केस्ट्रा, चर्चचे बँड, मिरवणुकीतील बेंजो पार्ट्या, कव्वालीच्या मैफली, सर्वांना ही पेटी लागते. कव्वालीत ज्याला आपण बेंजो म्हणतो तो मुळात बुलबुल तरंग. त्याला पिकअप बसविला की त्याचा आवाजही गिटारच्या पेटीतून काढता येतो. ऐन कार्यक्रमात ही पेटी बंद पडली तर नुकसान एकट्या वाजविणाऱ्याचे होत नाही. पाच-सात जणांची बिदागी अडकते, घेतलेला बयाणा परत द्यावा लागतो आणि पुढची सुपारी दुसऱ्या पार्टीकडे जाते. म्हणूनच ही पेटी खात्रीने दुरुस्त करून देणाऱ्या कारागिराकडे गिऱ्हाईक लांबून येते.

आमचा धंदा कापडाचा. परंतु आमच्या दुकानाच्या गल्लीतच रेडिओ-टेपरेकॉर्डरच्या काळापासून दुरुस्तीचे काम करणारे एक उस्ताद बसतात आणि दुपारच्या मंदीच्या वेळी त्यांच्या बाकावर आम्ही बरीच वर्षे बसत आलो आहोत. तेथे जे पाहिले व विचारून समजून घेतले, ते होतकरू तरुणांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे देत आहोत.

पेटीच्या आत काय असते?

सॉलिड-स्टेट म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हऐवजी ट्रान्झिस्टर किंवा आयसीवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर. ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ साली अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये लागला. गिटारच्या पेट्यांत तो १९६०च्या दशकात आला. फेंडर कंपनीने १९६६ साली अशा पेट्या बाजारात आणल्या, पण त्या वारंवार बिघडत आणि काही वर्षांतच ती मालिका बंद झाली. उलट जपानच्या रोलँड कंपनीचा १९७५ सालचा जेसी-१२० हा १२० वॅटचा, १२ इंची दोन स्पीकरांचा अ‍ॅम्प्लिफायर पुढे अनेक दशके बनत राहिला.

पेटीचे चार भाग ध्यानात ठेवावेत. पहिला वीजपुरवठा : ट्रान्सफॉर्मर, ब्रिज रेक्टिफायर आणि दोन मोठे कंडेन्सर, ज्यांना आता कपॅसिटर म्हणतात. दुसरा प्रीअ‍ॅम्प : गिटारचा बारीक आवाज उचलणारा व टोन देणारा. तिसरा पॉवरचा भाग : स्पीकर हलविण्याइतकी ताकद देणारा, जाड पत्र्याच्या हीटसिंकवर बसविलेला. चौथा स्पीकर. बिघाड या चारांपैकी कोठे आहे हे ठरविणे, हेच दुरुस्तीचे अर्धे काम होय.

आधी जिवाची काळजी

आत २३० व्होल्टची वीज येते. पिन काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये वीज साठलेली राहते. ती स्क्रू-ड्रायव्हर टेकवून ठिणगी काढून घालवू नये. १०० ओहमचा ५ वॅटचा रेझिस्टर पक्कडीत धरून काही सेकंद टेकवावा आणि मग मीटरने खात्री करावी.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. घरघर कमी व्हावी म्हणून काही लोक तीन पिनांतील अर्थची पिन तोडून टाकतात. हे जिवावर बेतणारे काम आहे. गिटारच्या तारा पेटीच्या पत्र्याशी जोडलेल्या असतात. आत कोठे वायर सुटून पत्र्याला लागली आणि अर्थ नसला, तर वाजविणाऱ्याच्या बोटांत थेट वीज येते. अशी पेटी दुकानात आली तर पहिली दुरुस्ती त्या पिनेची करावी, गिऱ्हाईकाने सांगितली नसली तरी.

पेटी उघडण्याआधी

उस्ताद पेटी आली की लगेच उघडत नाहीत. आधी चार प्रश्न विचारतात. आवाज एकदम गेला की हळूहळू? वास आला का? बरोबर कोणता स्पीकर जोडला होता? याआधी कोणी हात लावला आहे का? मग दुसरी वायर आणि दुसरा स्पीकर लावून पाहतात. अनेकदा दोष वायरीतच निघतो व गिऱ्हाईक पेटी न उघडताच परत जाते.

आणखी एक बाब फार थोड्यांना ठाऊक असते. पेटीच्या मागे 'सेंड' आणि 'रिटर्न' अशी दोन भोके असतात. रिटर्नच्या भोकात काही घातलेले नसेल तेव्हा आवाज आतल्या एका छोट्या पत्तीतून पुढे जातो. दमट हवेत ती पत्ती गंजते आणि आवाज बारीक होतो किंवा येत-जात राहतो. अशा वेळी सेंडमधून रिटर्नमध्ये एक छोटी वायर जोडून पाहावी. आवाज पूर्ववत आला, तर दोष पत्तीचाच. ती साफ करावी किंवा जॅक बदलावा. हेडफोनच्या भोकातही अशीच पत्ती असते व ती बिघडली की स्पीकर मुका होतो.

रिटर्नचा दुसरा उपयोग बिघाड अर्धा करण्याचा. तेथे टेपरेकॉर्डर किंवा मोबाइलचा आवाज हळू ठेवून सोडावा. स्पीकर वाजला तर पॉवरचा भाग ठीक, दोष प्रीअ‍ॅम्पमध्ये. वाजला नाही तर दोष रिटर्नच्या पुढे. एका मिनिटात अर्धी पेटी संशयातून मोकळी होते.

सिरीज बल्बचा नियम

फ्यूज उडालेली पेटी नवा फ्यूज घालून सरळ चालू करणे म्हणजे पैसे जाळणे होय. फ्यूज बहुधा आतल्या शॉर्टमुळे उडतो. तो शॉर्ट तसाच असेल तर नवा फ्यूजही जाईल आणि बरोबर नवे ट्रान्झिस्टरही नेईल. म्हणून प्रत्येक बाकावर सिरीज बोर्ड असावा : पेटी आणि वीज यांच्या मध्ये १०० वॅटचा फिलामेंटचा बल्ब. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही. चालू करताच बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर मोठा शॉर्ट नाही असे समजावे. लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. बल्ब पेटून राहतो, पण भाग वाचतात.

ही चाचणी स्पीकर काढून करावी. सॉलिड-स्टेट पेटी स्पीकरविना चालू ठेवता येते. व्हॉल्व्हच्या पेटीला मात्र असे करू नये, तिचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाण्याची भीती असते.

मीटर काय सांगतो?

बल्ब मंद झाला की मोजमाप सुरू करावे. मोठ्या कंडेन्सरवर धन आणि ऋण व्होल्टेज जवळजवळ सारखे हवे, उदाहरणार्थ एकीकडे +३५ तर दुसरीकडे -३५. प्रीअ‍ॅम्पमधील ४५५८ किंवा टीएल०७२ सारख्या आयसीच्या ८ क्रमांकाच्या पायावर बहुधा +१५ आणि ४ क्रमांकाच्या पायावर -१५ व्होल्ट मिळतात. यातील एक बाजू नसेल तर आवाज फाटतो किंवा बंद होतो. हे १५ व्होल्ट ज्या रेझिस्टर व झेनरमधून येतात ते गरम होतात व त्यांचा टाका सुटतो. तो पुन्हा सोल्डर केला की काम झाले.

मग सर्वांत महत्त्वाचे माप : स्पीकर लावण्याच्या जागी डीसी व्होल्टेज. ते शून्याच्या अगदी जवळ, साधारणतः ५० मिलिव्होल्टच्या आत असावे. तेथे २५-३० व्होल्ट दिसले तर पॉवरचा ट्रान्झिस्टर किंवा आयसी गेलेला असण्याचा संभव मोठा. त्या स्थितीत स्पीकर जोडला तर त्याची कॉइल जळून जाते.

ट्रान्झिस्टर मीटरच्या डायोड रेंजवर तपासावा. चांगल्या ट्रान्झिस्टरमध्ये बेसपासून दोन्ही पायांकडे एका दिशेने ०.५ ते ०.७ दाखवितो. कलेक्टर आणि एमिटर यांमध्ये दोन्ही दिशांनी शून्याजवळ आकडा आला तर तो शॉर्ट झाला. एक गेला तरी जोडीचे दोन्ही बदलावेत. त्यांना चालविणारे लहान ट्रान्झिस्टर आणि ०.२२ ते ०.४७ ओहमचे एमिटर रेझिस्टरही तपासावेत. बसविताना अभ्रकाची चकती व हीटसिंकची पेस्ट विसरू नये. ट्रान्झिस्टरच्या पाठीचा पत्रा बहुधा कलेक्टरशी आणि टीडीए ७२९३ या आयसीचा ऋण पुरवठ्याशी जोडलेला असतो. चकती फाटली की पुन्हा शॉर्ट.

२एससी५२००-२एसए१९४३ सारख्या चालू जोड्यांत बनावट माल फार आहे. लॅमिंग्टन रोड असो वा गावची पेठ, ओळखीच्या दुकानातून पावती घेऊनच माल घ्यावा. कापड जसे आम्ही पोत पाहिल्याशिवाय उचलत नाही, तसाच हाही माल.

तिसऱ्यांदा आलेली पेटी

एका ऑर्केस्ट्रातील गिटारवाल्याची ६० वॅटची पेटी उस्तादांकडे आली. त्याआधी दुसऱ्या एका दुकानात दोनदा पॉवरचे ट्रान्झिस्टर बदलून झाले होते. दोन्ही वेळा पैसे दिले आणि दोन्ही वेळा पेटी लग्नाच्या मांडवात बंद पडली. आठ दिवसांवर पुढचा कार्यक्रम होता.

उस्तादांनी ट्रान्झिस्टर बदलले, बल्बवर चालविले, मापे घेतली. सर्व ठीक. तरीही त्यांनी पेटी दिली नाही. "कार्यक्रमाला जे सामान नेता ते सगळे घेऊन या," असे सांगितले. गिटारवाला एक जादा स्पीकर-बॉक्स घेऊन आला. मोठ्या मैदानात आवाज पुरत नाही म्हणून तो पेटीच्या मागे जोडीत असे. दोन्ही स्पीकर ८ ओहमचे. ८ ओहमचा एक स्पीकर मीटरवर साधारण ६ ओहम दाखवितो. दोन्ही मिळून मीटरने ३ दाखविले, म्हणजे पेटीवर ४ ओहमचा भार. पेटीच्या पाठीवर तर किमान ८ ओहम असे छापलेले होते.

हिशेब सोपा आहे. पूर्ण आवाजात ८ ओहमवर सुमारे पावणेतीन अँपिअर करंट जात असेल, तर ४ ओहमवर साडेपाच जाऊ पाहतो. ट्रान्झिस्टर तापतात आणि तास-दीड तासात शॉर्ट होतात. मागावर धागा पुन्हा पुन्हा तुटत असेल तर नुसती कांडी बदलून काय उपयोग? ताण कोठे जादा आहे ते पाहावे लागते. उस्तादांनी जादा बॉक्स बंद करविला आणि पेटीपुढे माइक ठेवून आवाज मांडवाच्या मोठ्या साउंडमध्ये देण्यास सांगितले. ती पेटी पुन्हा त्या कामासाठी आली नाही. मात्र त्या गिटारवाल्याने पाठविलेली तीन गिऱ्हाइके आली.

घरघर आणि खरखर

व्हॉल्यूम शून्यावर नेल्यावरही घरघर तशीच राहिली तर वीजपुरवठ्याकडे पाहावे. मोठा कंडेन्सर सुकला असण्याची शक्यता असते. घरघर व्हॉल्यूमबरोबर कमी झाली तर दोष गिटार, वायर किंवा प्रीअ‍ॅम्पचा. व्हॉल्यूम फिरविताना खरखर येत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारावा. त्यानेही गेली नाही तर कंट्रोलवर डीसी व्होल्टेज मोजावे. ते आढळले तर आधीचा कपलिंग कंडेन्सर गळतो आहे. ठोकल्यावर आवाज येत-जात असेल तर जॅक आणि कंट्रोल यांचे टाके पाहावेत. स्पीकर त्याच पेटीत असल्याने हादऱ्याने ते तडकतात.

अमानत आणि हिशेब

गिऱ्हाईकाची पेटी ही आपल्याकडे अमानत असते. तपासणीची मजुरी आधी सांगावी. खर्च किती येईल ते कळवून होकार घ्यावा. बिलावर भाग व मजुरी वेगवेगळी लिहावी. काढलेले जुने भाग परत द्यावेत आणि बिघाडाचे कारण चिठ्ठीवर लिहून द्यावे. फ्यूज छापलेल्या अँपिअरचाच घालावा, त्यावर तार गुंडाळू नये. आजच्या अनेक डिजिटल पेट्यांत बारीक भाग एकाच बोर्डावर बसविलेले असतात व बोर्डच बदलावा लागतो. तसे असेल तर पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे.

ज्या दुकानात कारण न शोधता भाग बदलले जातात, तेथे पेटी परत येते आणि दुसऱ्या खेपेचे भाग व मजुरी कारागिराच्या खिशातून जातात. कारण शोधण्यात गेलेला अर्धा तास म्हणून धंद्यातील भांडवलच समजावा. अनेक आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकचा ट्रेड शिकविला जातो. दहावीनंतर रिकामे बसलेल्या मुलांनी तो करावा, सोबत वर्ष-दोन वर्षे एखाद्या जाणत्या उस्तादाच्या बाकावर शागिर्दी करावी. एक मीटर, एक सोल्डरिंग आयर्न, एक सिरीज बोर्ड आणि सब्र, एवढ्या सामानावर हे काम सुरू होते.