ब्लँटायरच्या वॉर्डात तुमची गरज कशासाठी?

इंटर्नशिप संपत आली की काही मुलं-मुली ठरवतात, चार-सहा आठवडे आफ्रिकेतल्या एखाद्या रुग्णालयात सेवा द्यायची. इच्छा चांगलीच आहे. पण तिच्यासोबत मनात ज्या कल्पना असतात, त्यांतल्या बऱ्याचशा चुकीच्या असतात आणि त्यांची किंमत तिथल्या पेशंटला मोजावी लागते. उदाहरण म्हणून मलावी घेऊ. ब्लँटायर शहरातलं क्वीन एलिझाबेथ सेंट्रल हॉस्पिटल हे त्या देशातलं सर्वांत मोठं सरकारी रुग्णालय. उपचार मोफत, गर्दी प्रचंड, माणसं अपुरी.

‘तिथं डॉक्टरच नाहीत, आपण गेलो नाही तर पेशंटला वाली कोण?’ डॉक्टर कमी आहेत हे खरंच आहे. पण मलावीचा आरोग्य-गाडा ओढतात ते क्लिनिकल ऑफिसर. हे डॉक्टर नव्हेत. तीन वर्षांचं शिक्षण आणि वर्षभराची इंटर्नशिप करून ते जिल्हा रुग्णालयात रुजू होतात आणि सिझेरियनसुद्धा करतात. तिथल्या प्रसूतीच्या तातडीच्या शस्त्रक्रियांचा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या २,१३१ शस्त्रक्रियांपैकी १,८७५ क्लिनिकल ऑफिसरांनी केल्या होत्या, आणि त्यांचे निकाल डॉक्टरांच्या तोडीचे होते. ज्यानं शेकडो सिझेरियन केली आहेत, त्याला बाजूला सारून नवख्या पाहुण्यानं टेबलाशी उभं राहणं म्हणजे मदत नव्हे.

‘आपण शिकवायला जातो’ हा समज तर फार खोलवर रुजलेला. मेंदूच्या मलेरियानं बेशुद्ध झालेलं दोन वर्षांचं मूल डोळ्यांसमोर आणा. मोठ्या माणसाला नाव विचारता येतं, तारीख विचारता येते. या बाळाला काय विचारणार? त्यासाठीची मोजपट्टी ब्लँटायरमध्येच तयार झाली आणि १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली. बाळाची नजर आईच्या चेहऱ्यामागे फिरते का, याचा एक गुण. छातीच्या हाडावर दाब दिला की त्याचा हात नेमका तिथं येतो का? आला तर दोन, नुसतं अंग आखडून घेतलं तर एक. व्यवस्थित रडलं तर दोन, नुसतं कण्हलं तर एक. पाचपैकी दोन किंवा त्याहून कमी गुण मिळाले, तर मूल कोमात आहे. यंत्र नको, वीज नको. ‘ब्लँटायर कोमा स्केल’ आज मलेरियाच्या बालरुग्णांसाठी जगभर वापरतात. ते घडवणाऱ्यांत टेरी टेलर या अमेरिकन डॉक्टरही होत्या. त्या पाहुण्याच होत्या, पण कित्येक वर्षं मलेरियाच्या हंगामात त्या तिथंच राहिल्या. ही मुलं नेमकी कशानं दगावतात, याचा शोधही याच रुग्णालयात लागत गेला: एमआरआयवर मेंदूची सूज दिसली, आणि ज्यांची सूज फार त्या मुलांना मृत्यूचा धोका फार. २०१५ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला.

असं पाहुणा म्हणून जाऊन तिथंच राहण्यावरून सोलापूरच्या द्वारकानाथ कोटणीसांची आठवण होतेच. १९३८ मध्ये काँग्रेसनं चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते, नागपूरचे डॉ. चोळकरही होते. आपल्याला कोटणीस आठवतात ते हौतात्म्यासाठी. त्यांचं रोजचं काम मात्र आपण विसरतो. ते चिनी भाषा शिकले, तिथल्या विद्यार्थ्यांना शिकवू लागले, १९४१ मध्ये बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले. ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते गेले, तेव्हा त्यांनी शिकवलेली माणसं मागे होती. माझ्या मते कोटणीसांचं खरं मोठेपण यात आहे.

‘काहीच नसण्यापेक्षा थोडी मदत बरी.’ हे वाक्य सगळ्यांत धोक्याचं. जे काम इथं सीनियरच्या देखरेखीशिवाय करायला परवानगी नाही, ते तिथं करायलाही नाही. मलावीत काम करण्यासाठी तिथल्या मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी लागते. शिवाय शस्त्रक्रिया टाके घालून संपत नाही. जखम चिघळली, ताप चढला, तर आठव्या दिवशी ड्रेसिंग कोण करणार? तोवर पाहुणा विमानात बसलेला असतो. वॉर्डात नर्स इतक्या कमी, की पेशंटला भरवणं, पुसणं, कपडे धुणं हे सोबतचे नातेवाईक करतात. आपल्या सरकारी दवाखान्यांतही हे चित्र ओळखीचं आहे. त्या नातेवाइकाला चिचेवा भाषेत काय सांगितलं जातं, यावर पेशंटचं घरी गेल्यावर कसं होईल हे ठरतं. ते सांगणारी स्थानिक नर्सच असते.

सामान नेण्याबद्दल थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेचा नियम असा, की दान दिलेल्या औषधांची मुदत पोहोचल्यावर किमान एक वर्ष तरी शिल्लक असावी. उरलीसुरली सॅम्पल बॅगेत कोंबून नेऊ नका. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर द्यायचा असेल तर त्याचे फिल्टर आणि सुटे भाग तिथं मिळतात का, दुरुस्त करणारा माणूस आहे का, हे आधी विचारा. नाहीतर तो कोपऱ्यात धूळ खात पडतो.

‘सेवा म्हणजे पदरमोड करूनच जायचं’ हेही खरं नाही. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्ससारखी संस्था मानधन, प्रवास आणि विमा देते. त्याबदल्यात अनुभव मागते, आणि पहिल्या वेळी साधारण नऊ ते बारा महिन्यांची तयारी. सर्जन आणि भूलतज्ज्ञांना कमी मुदतीवरही घेतात. तिथले बहुतेक कर्मचारी मात्र त्या-त्या देशातलेच असतात. याउलट जी कंपनी तुमच्याकडूनच जबर फी घेते आणि ‘अनुभव नसला तरी चालेल’ म्हणते, तिला दोन प्रश्न विचारा: ही जागा रुग्णालयानं मागितली आहे का, आणि माझ्यावर देखरेख कोणाची? नीट उत्तर मिळालं नाही तर जाऊ नका.

राहिली तब्येत. दंगल-गोळीबाराचीच भीती लोक धरतात, पण वॉर्डातला रोजचा धोका सुईचा असतो. एचआयव्हीचं प्रमाण जास्त असलेल्या देशात सुई टोचली, तर प्रतिबंधक गोळ्या ७२ तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर सुरू कराव्या लागतात आणि २८ दिवस घ्याव्या लागतात. त्या तिथं मिळतील का, हे निघण्यापूर्वी लेखी विचारून घ्या. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या परतल्यावरही ठरल्या दिवसांपर्यंत चालू ठेवायच्या. आणि हिपॅटायटिस बीचे तीन डोस नेहमीच्या वेळापत्रकानं पूर्ण व्हायला सहा महिने लागतात, तेव्हा पहिला डोस अर्ज भरण्याआधीच घेतलेला बरा.